सांडव्याची उंची : तळ्यांच्या राखणीचा इतिहास



स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने या शाळेने मला येथे बोलावले, त्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषयाची निवड माझ्यावर सोपविण्यात आली होती. राजेश्वराहून कल्याण बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, बिदरही फार दूर नाही. तेव्हा चालुक्यांचे वैभव किंवा बहमनींचे किल्ले यांवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. या दोन्ही विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी आज तळ्यांविषयी बोलणार आहे. तळी कोणी बांधली यापेक्षा ती कोणी राखली, आणि विशेषतः तळे काठोकाठ भरून पाणी पाळीला लागले असता निर्णय कोणाचा होता, हा माझा प्रश्न आहे.

आपल्या भागात सरासरी साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा वाईट नाही. पण तो येतो चार महिन्यांत, आणि त्यातलाही मोठा वाटा कधी कधी भाद्रपद-आश्विनातल्या एखाद-दुसऱ्या रात्री येतो. म्हणून येथे पाणी साठविल्याशिवाय गाव वसत नाही, आणि साठविलेल्या पाण्याला वाट दिल्याशिवाय गाव टिकत नाही. मराठीत आपण पाळ, मोरी आणि सांडवा म्हणतो. शेजारचा कन्नड शेतकरी कट्टे, तूबु आणि कोडी म्हणतो. दखनी बोलणारा सगळ्यालाच तालाब म्हणून मोकळा होतो. शब्द निरनिराळे असले तरी अवयव तेच आहेत. पाळ पाणी अडविते. मोरीतून ते हिशेबाने शेतात जाते. सांडवा म्हणजे जादा पाणी निघून जाण्याची ठरवून ठेवलेली वाट.

या तिघांत सांडव्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाळीवर देऊळ बांधले जाते, मोरीवर भांडणे होतात, सांडवा एका कडेला झुडपांत पडलेला असतो. पण तळ्याचे सारे राजकारण त्याच्या उंचीत असते. सांडवा हातभर उंच केला, तर खालच्या भिजत्या शेतांना आणखी काही पाळ्या पाणी मिळते. तोच हातभर चढलेला पाणसाठा वरच्या अंगाला सपाट काळ्या जमिनीत दूरवर पसरतो आणि दुसऱ्या कोणाची शेते बुडवितो. तळ्याच्या पोटात पाणी ओसरेल तशी गाळपेर करणाराला पाणी लवकर उतरायला हवे असते, तर खालच्या बागायतदाराला ते शक्य तितके उशिरापर्यंत हवे असते. मासे धरणाराला तळे पुरते कोरडे पडणे परवडत नाही. आणि मातीची पाळ? पाणी तिच्या माथ्यावरून वाहू लागले की काही घटकांत ती कापली जाते. तेव्हा सांडवा किती उंच ठेवावा, हा बांधकामाचा प्रश्न दिसत असला तरी तो माणसामाणसांतील कराराचा प्रश्न आहे. सांडव्याच्या तोंडाशी रात्री गुपचूप दगड-माती रचून पाणी अडविणे हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे, हे श्रोत्यांपैकी शेतकऱ्यांना मी सांगायला नको.

या कराराचा शास्त्रीय विचार जेथे झाला, ते स्थळ आपल्या घरचे आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास पहिल्या सोमेश्वराने राजधानी मान्यखेटाहून कल्याणास आणली. त्याचा पुत्र सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ असा अर्धशतकभर राज्य करीत होता. त्याच्या काळात, याच कल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. मिताक्षरा म्हटले की आपल्याला वडिलोपार्जित इस्टेट आणि भाऊबंदांचे वाटप आठवते. याचे एक कारण इंग्रजी अमदानीत आहे. कोलब्रुकने १८१० मध्ये या ग्रंथातला वारसाहक्काचा भाग तेवढा इंग्रजीत आणला, आणि न्यायालयांत तोच ग्रंथ म्हणून मिरवला. बाकीच्या ग्रंथात गावगाडा कसा चालावा याचे किती बारीक विवेचन आहे, हे वकिलांच्या कपाटात राहून गेले.

सीमेच्या वादाचा विचार करताना याज्ञवल्क्य सेतूकडे वळतो. सेतू म्हणजे येथे पूल नव्हे. पाणी अडविणारा वा वळविणारा बांध. त्याचे म्हणणे असे की, ज्या बांधाने नुकसान थोडे आणि लाभ पुष्कळांचा, तो बांध शेतमालकाने अडवू नये. दुसऱ्याच्या जमिनीत थोडी जागा व्यापणारी पण भरपूर पाण्याची विहीरही अशीच. मात्र हा एकतर्फी परवाना नाही. मालकाला न सांगता त्याच्या शेतात बांध घातला, तर त्याचे फळ बांधणाऱ्याचे नव्हे, मालकाचे. मालक नसेल तर राजाचे. विज्ञानेश्वर येथे नारदाचे मत पुढे ठेवतो. सेतू दोन प्रकारचे असतात: एक खणलेला, पाण्याला वाट करून देणारा, आणि दुसरा बांधलेला, पाण्याला थोपविणारा. मला हे वर्गीकरण फार अर्थपूर्ण वाटते. पाणी धरणे आणि पाणी सोडणे ही दोन्ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत, हे त्यात गृहीत धरलेले आहे. शिवाय पूर्वी कोणी बांधलेला आणि पुढे मोडलेला सेतू दुरुस्त करायचा, तर त्यालाही मालकाची अनुमती हवी, असा नियम आहे. म्हणजे मोडकी तळी आणि त्यांवरून होणारी भांडणे त्या काळीही पुरेशी परिचित असली पाहिजेत.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग पुढे, संविद्व्यतिक्रम या प्रकरणात येतो. संविद् म्हणजे समूहाने केलेला करार, त्याचा भंग म्हणजे व्यतिक्रम. अशा कराराला धर्मशास्त्रात समय असेही नाव आहे. याज्ञवल्क्य म्हणतो की, स्वतःच्या धर्माला विरोध न करणारा सामयिक धर्म, म्हणजे लोकांनी आपसांत ठरवून घेतलेला नियम, राजाच्या आज्ञेइतक्याच काळजीने पाळला जावा. हे नियम कसले? विज्ञानेश्वर उदाहरणे देतो: गायरानाचे रक्षण, पाण्याचे रक्षण, देवळाची निगा. कल्याणच्या पंडिताला सामूहिक करार म्हटल्यावर जी पहिली तीन उदाहरणे सुचली, त्यांत पाणी होते. जो समूहाचे द्रव्य हरण करील किंवा करार मोडील, त्याचे सर्वस्व घेऊन त्याला राज्याबाहेर घालवावे, इतकी कडक शिक्षा सांगितली आहे. आणि समूहाचे काम पाहणारे लोक कसे असावेत? धर्म जाणणारे, शुद्ध आणि निर्लोभी. त्यांना शब्द वापरला आहे कार्यचिंतक. आजच्या समितीच्या सदस्याला हा शब्द लावून पाहावा, असे मला अनेकदा वाटते.

येथे एक खुलासा करायला हवा. शास्त्रात लिहिले म्हणजे गावात तसेच घडत होते, असे मानण्याचा भाबडेपणा इतिहासाच्या अभ्यासकाला करता येत नाही. मनुस्मृतीत तळे फोडणाराला पाण्यात बुडवून मारावे, किंवा त्याने ते दुरुस्त करून दिल्यास जबर दंड करावा, असे आहे. म्हणून कोणी खरोखर बुडविला गेला, असे सिद्ध होत नाही. शास्त्राला जमिनीवरचा जोड लागतो तो शिलालेखांचा. कर्नाटकातील लेखांत तळ्याच्या देखभालीसाठी दिलेल्या जमिनींचे आणि उत्पन्नांचे उल्लेख विपुल आहेत. बित्तुवट्ट, केरेगोडगे, दशवंद असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. तपशील निरनिराळे असले तरी कल्पना एकच: तळ्याखाली जे पिकते, त्यातला एक ठरलेला हिस्सा तळ्याकडेच परत गेला पाहिजे. गाळ काढणे, पाळीला माती घालणे, दगडांचे अस्तर नीट करणे यांसाठी दरवर्षी कोणाकडे हात पसरावा लागू नये, याची ही तरतूद होती. तळे बांधणाऱ्याचे नाव लेखाच्या आरंभी मोठ्या थाटात येते खरे. पण तळे जगते ते लेखाच्या शेवटी दिलेल्या या रुक्ष तपशिलावर.

तमिळ देशातील उत्तरमेरूरच्या लेखांत तर प्रत्यक्ष तळे-समितीच भेटते. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, ९१९ आणि ९२१ सालचे हे लेख. गावाचे तीस विभाग. प्रत्येकातून पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रावर लिहून मडक्यात घालावयाची आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढवावयाची. निवडलेल्या तीस जणांपैकी बारा वार्षिक समितीवर, बारा बागांच्या समितीवर आणि सहा तळ्याच्या समितीवर. मुदत ३६० दिवसांची. ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही, तो अपात्र. इतकेच नव्हे, तर त्याचे जवळचे नातलगही अपात्र. ही ब्राह्मणसभा होती, सर्व गावाची नव्हे, हे विसरून चालणार नाही. परंतु हिशेब न देणाराच्या मेहुण्यालाही दार बंद करणारी ही माणसे पाण्याच्या कारभारातले माणसाचे मन चांगले ओळखून होती.

आंध्रातील कडप्पा भागात पोरुमामिळ्ळ येथे १३६९ सालचा एक लेख आहे. विजयनगरच्या बुक्करायाचा पुत्र भास्कर ऊर्फ भवदूर याने तेथे अनंतराजसागर नावाचा तलाव बांधला. हजार मजूर, शंभर गाड्या आणि दोन वर्षे, असा खर्चाचा तपशील लेखात आहे. त्यापुढे उत्तम तलावाची बारा साधने आणि तलावाचे सहा दोष सांगितले आहेत. पाळीतून पाणी झिरपणे, जमीन खारी असणे, मधोमध उंचवटा असणे, पाणी थोडे व जमीन फार असणे, जमीन थोडी व पाणी फार असणे, हे पाच दोष कोणाही स्थापत्यकाराला पटतील. सहावा दोष वेगळा आहे: तलाव दोन राज्यांच्या सीमेवर असणे. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाने, तलावाखालची माती आणि तलावावरची सत्ता या दोहोंना एकाच यादीत बसविले. १९५६ मध्ये भाषावार रचनेत बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्यात गेले, आपण म्हैसुरात आलो, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात गेले. एका खोऱ्याचे पाणी तीन सचिवालयांच्या फायलींतून वाहू लागले. आपल्याला तो सहावा दोष समजावून सांगण्याची गरज पडू नये.

आता मी पुन्हा बाराव्या शतकातल्या कल्याणाकडे येतो. कारण करार कोणाकोणात, हा प्रश्न आतापर्यंत मी बाजूला ठेवला होता. विज्ञानेश्वरानंतर काही दशकांनी याच नगरीत बसवेश्वर आणि शरणांची चळवळ उभी राहिली. कल्याणच्या त्रिपुरांतक तळ्याच्या काठी अक्कनागम्मांची गुहा आजही दाखवितात. त्याच काळात सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, येथे सिद्धरामांनी भक्तांच्या श्रमाने तळे खोदविले. श्रीसिद्धेश्वराच्या देवळाभोवतीचे ते तळे सोलापूरकरांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. शून्यसंपादनेत एक प्रसंग येतो. अल्लमप्रभू खोदकामाच्या जागी येतात आणि सिद्धराम नावाचा ओड्ड, म्हणजे वडार, कुठे आहे असे विचारतात. गुरूला मातीकाम करणारा म्हटल्याने संतापलेले शिष्य त्यांच्यावर दगड उगारतात. पुढे सिद्धराम कल्याणास आले आणि चेन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली. आध्यात्मिक ग्रंथ म्हणून या प्रसंगाचा अर्थ बाह्य कर्माकडून अंतर्मुखतेकडे असा लावला जातो, आणि तो योग्यच आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझी नजर शिष्यांच्या संतापावर थांबते. तळे खोदणे पुण्याचे, पण तळे खोदणारा म्हणविले जाणे अपमानाचे, ही आपल्या समाजाची गाठ त्या एका हाकेत उघडी पडली आहे. पिढ्यान्‌पिढ्या वडारांनी तळी खोदली. त्यांखालच्या भिजत्या जमिनीत त्यांचा वाटा क्वचितच होता.

म्हणून जुन्या ग्रामव्यवस्थेचे गोडवे गाताना जपून बोलावे लागते. ज्या समूहाच्या कराराला विज्ञानेश्वराने राजाज्ञेची प्रतिष्ठा दिली, त्या समूहाच्या बाहेर कोण होते हे आपल्याला महाडने दाखविले. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचा बोले यांचा ठराव मंजूर केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही तळ्याकाठच्या समूहाने आपला जुना समय सोडला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घ्यावे लागले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. तळ्याचा करार जितका घट्ट, तितका तो बाहेरच्याला कठोर, हे या इतिहासाचे दुसरे अंग आहे. राजसत्तेने किंवा न्यायालयाने मध्ये पडू नये, असे म्हणणाऱ्यांनी महाड आधी आठवावे.

मात्र राजसत्ता मध्ये पडते आणि करार मोडून त्या जागी काहीच ठेवीत नाही, तेव्हा काय होते, हेही पाहिले पाहिजे. यासाठी मी श्रोत्यांना आपल्या भागातून थोडे दूर, पूर्व विदर्भात नेतो. कारण मराठी मुलुखात तळ्याकाठच्या समाजाने स्वतः तळी राखल्याचे सर्वांत ठळक उदाहरण तेथले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले पुष्कळसे कोहळी समाजाने बांधले. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन मिळे, म्हणून हा समाज तळ्यांची जागा हेरण्यात निष्णात झाला. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी परंपरा आहे. भोवतालच्या टेकड्यांचा उपयोग करून, मधल्या खिंडी तेवढ्या बांधून, थोड्या पाळीत मोठे पाणी धरण्याची ही रीत पाहण्यासारखी आहे. खाली लहान तलाव, त्यांखाली बोड्या. एकाच्या सांडव्याचे पाणी दुसऱ्याच्या पोटात. धानाच्या बांधीत पाणी पोचविण्यासाठी पानकर नेमलेला. तो स्वतःच्या मर्जीने पाणी देत नसे. गावाने ठरविलेल्या क्रमाने देई. पाळीची डागडुजी, गाळ काढणे ही कामे तळ्याखालच्या शेतकऱ्यांनी करावयाची. मालगुजार वरचढ असे, त्याचा वाटा मोठा असे, यात शंका नाही. पण तलाव फुटला तर आधी त्याचे धान वाहून जाई, त्यामुळे पावसाळ्याच्या रात्री तोही पाळीवर असे.

मध्य प्रदेश शासनाने १९५० मध्ये मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता. जमीनदारी जाणे न्याय्यच होते. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. परंतु जमिनीबरोबर तलावही शासनाच्या मालकीचे झाले. गावाचे पाण्यावरचे हक्क निस्तारपत्रकात नोंदलेले होते. तरी पूर्वी श्रमाने फिटणाऱ्या पाण्यावर पट्टी लागावी की नाही, यावरून शासन आणि शेतकरी यांच्यात वाद झाले. पुढे राज्ये बदलली. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदांकडे, अशी वाटणी झाली. शेतकरी म्हणू लागला, तलाव सरकारचा, गाळ सरकार काढील. सरकारकडे हजारो तलावांसाठी ना माणसे होती, ना पैसा. पाळीवर झाडे वाढली, मोऱ्या गळू लागल्या, पोटात गाळ आणि बेशरमाची झुडपे माजली. तलाव कोणी हिसकावून घेऊन बिघडविला, असे झाले नाही. ज्याला माहिती होती त्याचा अधिकार गेला, आणि ज्याला अधिकार मिळाला तो पन्नास मैलांवर कचेरीत बसला होता.

असे अंतर किती महाग पडते, याचा एक दाखला आपल्या जुन्या संस्थानातलाच आहे. आपण हैदराबाद राज्याचे प्रजाजन असताना, २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हैदराबाद शहरात हजारो माणसे गेली. आपले वाडवडील त्या वर्षाचा उल्लेख तुग्यानीचे साल असा करीत. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. त्यांच्या पाहणीत मुसीच्या खोऱ्यात ७८८ तळी आढळली, म्हणजे सुमारे दर चौरस मैलाला एक. त्यांतील २२१ त्या पुरात फुटली होती. वरचे तळे फुटले की त्याचे पाणी एकदम खालच्यात येते. खालच्याचा सांडवा तेवढ्या लोंढ्यासाठी केलेला नसतो. मग तेही फुटते. प्रत्येक गावाचे तळे त्या गावापुरते पुरेसे असेल, पण खोऱ्यातल्या तळ्यांची माळ कोणाच्याच देखरेखीखाली नव्हती. विश्वेश्वरय्यांनी शहराच्या वर मोठे साठे बांधण्याचा उपाय सुचविला आणि त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. उपाय योग्य होता. मला फक्त एवढेच नोंदवावेसे वाटते की, या घटनेनंतर हैदराबादच्या इतिहासात दोन मोठ्या सागरांची नावे राहिली, आणि त्या ७८८ तळ्यांपैकी एखाद्याचेही नाव सांगणारा आज सापडणे कठीण आहे.

गावाच्या कराराला खोऱ्याच्या करारापर्यंत नेणे अशक्य आहे काय? हॉलंडचे उदाहरण या संदर्भात द्यावेसे वाटते. समुद्रसपाटीखालच्या त्या देशात जलमंडळे तेराव्या शतकापासून आहेत. राइनलंडच्या मंडळाचा उल्लेख १२५५ सालचा आहे. प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा ठरावीक तुकडा सांभाळायला दिलेला असे. ज्याला ते झेपेना, त्याने आपले फावडे बांधात रोवून निघून जावे. जो ते फावडे उपसून घेईल, त्याला बांधाची जबाबदारी आणि जमीन दोन्ही मिळत. विसाव्या शतकाच्या मध्याला अशी अडीच हजारांवर मंडळे होती. १ फेब्रुवारी १९५३ च्या पुरात त्या देशात १८३६ माणसे बुडाली, आणि त्यानंतर ही मंडळे एकत्र करण्याला वेग येऊन त्यांची संख्या एकवीसपर्यंत उतरली. पाण्याची पातळी कुठे किती ठेवावयाची, हा त्यांच्या सभेत ठरावाने सुटणारा विषय आहे, आणि त्यांच्या निवडणुका अजून होतात. लहान मंडळे मोठ्यात विलीन झाली; पण बांधावरचा माणूस मतदार राहिला.

आपल्या जिल्ह्यातही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००२ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने कर्नाटक शासनाने सामूहिक तलाव व्यवस्थापनाची योजना राबविली, तीत बिदर जिल्हा होता. तळ्यांची दुरुस्ती करावयाची आणि मग ती तलाव वापरणाऱ्यांच्या संघाकडे सोपवावयाची, अशी तिची कल्पना होती. कल्पना विज्ञानेश्वराला मान्य झाली असती. दशकभराने योजनेची मुदत संपली. अशा योजनांतून जन्मलेले संघ पैसा आटला की कागदावर उरतात, हा अनुभव आपल्या देशात नवा नाही. याचे कारण मला असे दिसते की, संघाला गाळ काढण्याचे काम मिळते, पण तळ्याच्या उत्पन्नातला बित्तुवट्टासारखा हक्काचा हिस्सा मिळत नाही. आणि सांडव्याची उंची ठरविण्याचा, संकटात मोरी उघडण्याचा अधिकार तर सहसा नाहीच.

या अधिकाराच्या अभावी काय घडू शकते, ते २ जुलै २०१९ च्या रात्री कोकणात दिसले. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालच्या वाडीतील माणसे झोपेतच वाहून गेली. धरणाला गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. ज्यांनी गळती पाहिली, त्यांच्या हाती अर्ज लिहिण्यापलीकडे काही नव्हते. उत्तरमेरूरच्या समितीतले सहा जण असते, तर त्यांनी अर्ज कोणाला केला असता?

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, परतीच्या पावसाने आपल्या बिदर-कलबुर्गी भागाला जे झोडपले, ते येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. त्याचे वर्णन मी करीत नाही.

शाळेच्या चालकांपुढे मी एक सूचना ठेवतो. माजी विद्यार्थ्यांनी तिला हातभार लावावा. आठवी-नववीच्या मुलांकडून परिसरातल्या तळ्यांची एक नोंदवही करवून घ्यावी. एका तळ्याला एक पान. तळ्याचे नाव मराठीत, कन्नडात आणि दखनीत लोक काय घेतात. पाळीची लांबी पावलांनी मोजून. वरच्या अंगाला कोणते तळे आणि खालच्या अंगाला कोणते. सांडवा कुठे आहे, आणि त्याची उंची कोणी, कशावरून ठरविली, हे गावातल्या वृद्धांनी सांगितलेले. पाणवठा पूर्वी कोणाला बंद होता. शेवटचा गाळ कोणत्या साली निघाला आणि तो कोणाच्या शेतात पडला. मोरीची किल्ली आज कोणाकडे आहे. आणि मध्यरात्री पाणी पाळीच्या माथ्याशी आले तर कोणाकोणाला उठवावयाचे, त्यांची नावे. बाकीचे रकाने वर्षभरात सवडीने भरले तरी चालतील. हा शेवटचा मात्र मृगापूर्वी भरावा, अशी माझी विनंती आहे.